रांधणीचा घास

संक्रांतीनंतर कॉलेज उघडलं त्या सकाळी श्रेया तिळगुळाचा डबा आणि वाणाची पिशवी घेऊनच स्टाफरूममध्ये शिरली. श्रेया केमिस्ट्री शिकवायची आणि विशाखा बॉटनी. दोघीही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्यांचाच पगार, त्यामुळं दोघींचं चांगलं जमायचं. विशाखाचं घर बौद्ध. तिच्याकडं हळदीकुंकू होत नसे, हे श्रेयाला ठाऊक होतं. तरी तिनं पिशवीतून एक छोटं पुस्तक काढलं आणि विशाखाच्या हातावर ठेवलं.

"यंदा प्लास्टिकचे डबे नको म्हटलं. घे, तुझंच तुला वाण."

पुस्तक तळहाताएवढं होतं, चकचकीत वेष्टनाचं. वर मोठ्या अक्षरांत 'झटपट रानभाज्या' आणि खाली विशाखाचं नाव. हे पुस्तक विशाखानं लिहिलेलं नव्हतं.

तिनं लिहिलं होतं ते 'डोंगराची चूल'. चांगलं जाडजूड. दौलताबादपासून वेरूळच्या वरच्या अंगाला म्हैसमाळपर्यंत ती चार वर्षं हिंडली होती. वस्त्यांवर बसून बायांच्या चुली बघितल्या होत्या, झाडापानांचे नमुने वहीत दाबून आणले होते. ते पुस्तक निघून दोन वर्षं झाली होती. हे बारकं पिल्लू त्याच्याच पोटातून काढलेलं होतं, हे तिला पहिल्या पानावरच कळलं. शास्त्रीय नावं गेली होती. फोटो कातरले होते, पण बरोबर होते. शेवटी 'अधिक माहितीसाठी' म्हणून तिचा मोबाईल नंबरही जुन्या पुस्तकातून तसाच उचलला होता.

श्रेया पुढच्या टेबलाकडं गेली तसं विशाखानं कडूकंदाचं पान काढलं.

कडूकंद हा वेलीवर लागणारा कंद. दिसायला बटाट्यासारखा, ओबडधोबड. दिवाळीनंतर वेल वाळला की खाली गळतो. त्यात विष असतं. पानावर लिहिलं होतं : 'पातळ चकत्या करून राख घालून उकळाव्यात. पाणी टाकून द्यावे. पुन्हा उकळावे. नेहमीप्रमाणे फोडणी द्यावी.' ही वाक्यं तिचीच होती आणि त्यांत काही चूक नव्हती. त्यांच्याखाली मात्र एक ओळ तिची नव्हती : 'चिंच-गूळ घातल्यास कडवटपणा मुळीच जाणवत नाही.' विष उरल्याचं सांगतो तो कडवटपणाच.

तिनं पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. चालीरीतींचं प्रकरण कुठंच नव्हतं.

खरी गोम तिथं होती. म्हैसमाळकडच्या एका वस्तीवर भागूबाई नावाच्या बाईनं तिला हा कंद रांधून दाखवला होता. भाजी झाली तेव्हा सकाळ होती. भागूबाईनं एक फोड उचलून खाल्ली आणि पातेल्यावर ताट झाकून ठेवलं. दिवे लागेपर्यंत घरातल्या कुणाला हात लावू दिला नाही. याला त्या वस्तीवर रांधणीचा घास म्हणत. असं का, म्हणून विचारलं तर भागूबाई म्हणाली, रानातल्या आसरांचा, पाण्यावरच्या देवतांचा मान असतो.

विशाखाला त्यातला अर्थ लगेच लागला होता. एका वेलीचा कंद दोन उकळ्यांत निवतो, म्हणजे त्याचं विष उतरतं, शेजारच्या वेलीचा कितीही उकळला तरी निवत नाही. बाहेरून फरक कळत नाही. मग उरतो एकच उपाय. एकीनं घासभर खायचं आणि अर्धा दिवस थांबायचं. तोंडाला मुंग्या आल्या, मळमळलं, तर भाजी उकिरड्यावर. हा मान नव्हता, चाचणी होती.

पण लिहायला बसली तेव्हा घरात यावर बोलणं झालं. तिचे वडील कडुबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. उभा जन्म त्यांनी देवादिकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. ते म्हणाले, कृतीच्या पानावर आसरा नि मान कशाला, पोरीनं सायन्स शिकून हे छापायचं का? विशाखालाही ते पटलं होतं. तिनं कृती कृतीच्या पानावर ठेवली, चौकट करून, मोजून-मापून. घास नेला मागं, चालीरीतींच्या प्रकरणात. खाली त्याचं शास्त्रीय कारण दिलं आणि कृतीपाशी 'पाहा' म्हणून त्या पानाचा आकडा टाकला. पुस्तक अख्खं होतं तोवर हे चालून गेलं. आता मागचं प्रकरण कापलं होतं आणि त्याबरोबर तो आकडाही.

तास संपवून ती तशीच औरंगपुऱ्यात काकासाहेबांकडं गेली. काकासाहेब म्हणजे तिचे प्रकाशक आणि मराठवाड्यातल्या निम्म्या लेखकांचे वडीलधारे. छापखान्यावरची त्यांची खोली सत्काराच्या फोटोंनी भरलेली. आलेल्याला चहाशिवाय सोडायचे नाहीत, लेखकाच्या घरी कुणी आजारी असलं तर आधी त्याची चौकशी करायचे. तिचीही केली. मग ऐकून घेतलं. म्हणाले, वाणासाठी बायकांना काहीतरी नवं हवं असतं, म्हणून छोटी आवृत्ती काढली. उचल जोरात आहे. चालीरीती काढल्या, कारण संपादक म्हणाला की अंधश्रद्धेचा आरोप येईल. पुढच्या वेळी बघू.

पुढची वेळ म्हणजे पुढली संक्रांत. आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालणार होतं. तोवर रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या घरात हे पुस्तक ओटीतून ओटीत जाणार होतं. विशाखानं मागितलं ते थोडं होतं. गठ्ठ्यानं पुस्तकं कुणी नेली, त्यांची नावं द्या, मी स्वतः फोन करते. काकासाहेब हसले. गिऱ्हाईक कुणी दुसऱ्याच्या हवाली करत नसतं, म्हणाले. मग ती म्हणाली, निदान माझं जुनं पान मी झेरॉक्स काढून वाटते. त्यावर त्यांनी कपाटातून करार काढला आणि तिच्यापुढं ठेवला.

तो करार तिनं कसा केला होता, ते तिला पुरतं आठवत होतं. प्रकाशन समारंभाच्या दिवशी, स्टेजच्या मागं. पाहुणे येऊन बसले होते, पहिल्या रांगेत बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकासाहेबांनी आधी तिच्या खांद्यावर शाल घातली, मग नारळाच्या ताटावर कागद ठेवला. आपल्याकडं मुहूर्तावरच सही घेतात, म्हणाले. शालीतून हात नीट निघत नव्हता. माईकवर तिचं नाव पुकारलं जात होतं. अशा वेळी कुणी कागद वाचत बसत नाही, आणि वेळ तशी म्हणूनच निवडलेली असते, हे तिला फार नंतर कळलं. त्यांच्या प्रत्येक लेखकानं सही तिथंच केली होती.

रात्रीच्या जेवणानंतर तिच्या धाकट्या भावानं तिच्याजवळची कराराची प्रत वाचली. अभय एका वकिलाकडं उमेदवारी करत होता. सर्व हक्क कायमचे प्रकाशकाचे. संक्षिप्त किंवा बदललेली आवृत्ती काढायला लेखिकेची परवानगी नको. लेखिकेनं त्याच विषयावर दुसरीकडं काही छापायचं नाही आणि विक्रीला बाधा येईल असं कुठं बोलायचं नाही. शेवटच्या कलमावर अभय थांबला. मजकुराच्या अचूकतेची सगळी जबाबदारी लेखिकेची, आणि त्यातून जे उद्भवेल तेही तिनंच निस्तरायचं.

"म्हणजे बदलणार ते, आणि निस्तरणार तू," अभय म्हणाला. "हे आधी दाखवायचं होतं ना, ताई."

कोर्टात जाता येईल, असंही तो म्हणाला. मजकुराची अशी मोडतोड केली तर कायदा लेखकाच्या बाजूनं बोलतो, करारात काही का लिहिलेलं असेना. पण तारीख पडेपर्यंत रथसप्तमी होऊन जाईल. लीलाबाई, म्हणजे त्यांची आई, भांडी आवरता आवरता ऐकत होती. कुणाच्या पोटात गेलं म्हंजे मग काय कोर्टात काढता येतंय व्हय, एवढंच ती म्हणाली. बाबा ते कडूकंदाचं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

विशाखानं कराराला न जुमानता ओळखीच्या सगळ्यांना मोबाईलवर संदेश पाठवला. तो फिरलाही. पण असे संदेश रोज फिरतात. हे खाऊ नका, ते पिऊ नका. एका वर्तमानपत्रातल्या ओळखीच्या माणसानं बातमी लिहून घेतली, प्रकाशकाची बाजू मागवली, आणि बातमी तिथंच अडकली. दोन दिवसांत काकासाहेबांच्या वकिलाची नोटीस मात्र आली.

त्यानंतर एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. तिकडून बाई दबकत बोलत होती. शेंद्र्याहून आशाबाई बोलतेय, म्हणाली. पुस्तकावर नंबर होता म्हणून केला.

"ते कडूकंदाची भाजी खाल्ल्यावर तोंडाला मुंग्या येतात, ते तसंच असतं का मॅडम?"

विशाखा वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होती.

"कुणी खाल्ली?"

"मालकांनी. लई गोड लागती म्हणाले, चिंच-गूळ घातलाय तर. रोज डब्यात नेत्यात."

"रोज?"

"वेरूळच्या पाव्हण्यांनी पिशवीभर कंद दिलेत. वाया घालवायचे का? आज मात्र कामावर गेले नाय. उलट्या होतायत, डोळे पिवळे दिसायलेत."

भाजी टाकून द्या, आत्ताच्या आत्ता घाटीत, सरकारी दवाखान्यात न्या, मी तिथंच येते, असं विशाखानं सांगितलं.

घाटीत तिला आशाबाईचा नवरा सांडू दिसला तो खाटेवर कुशीवर वळलेला. शेंद्र्याच्या कंपनीत वेल्डर होता, घरची थोडी शेतीही बघायचा. डोळे हळदीसारखे झाले होते. डॉक्टर सावध बोलले. दारू नाही, दुसरं औषध नाही, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काही निघालं नाही. कंदानंच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण लिव्हर झपाट्यानं खालावतंय. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर विशाखानं ते बरोबर म्हटलं असतं.

आशाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. तिला काही कसं झालं नाही, हे विशाखानं विचारलं. आशाबाईला प्रश्नच नीट कळला नाही. तिच्या घरात आधी मालकाचा डबा भरायचा, मग पोरांची ताटं, आणि उरलं तर तिचं. शिवम नि सत्यम या दोन्ही पोरांनी नवी भाजी बघूनच तोंड फिरवलं होतं. दोघांची ताटं मग मालकांनीच संपवली. तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं. वाणाचं पुस्तक बघून बायकोनं हौसेनं काही केलं, म्हणून सांडू रोज पातेलं पुसून खायचा.

भागूबाईच्या वस्तीवर रांधणारी आधी खात होती. इथं ती शेवटी. विशाखाच्या डोक्यात ही दोन वाक्यं शेजारी शेजारी येऊन बसली आणि हलेनात. आपण पुस्तक लिहिलं ते कुणाच्या चुलीसाठी, हा विचार तिनं कधी केला नव्हता.

घाटीतून ती थेट औरंगपुऱ्यात गेली. काकासाहेबांना बातमी आधीच लागली होती. या वेळी चहा आला नाही.

"माणूस मरायला टेकलाय, काकासाहेब."

"ऐकलं मी. फार वाईट झालं." त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता. "म्हणूनच हा कागद करून ठेवलाय. तू सही कर. संध्याकाळपर्यंत गठ्ठा नेलेल्या प्रत्येकाला माझ्या ऑफिसातून फोन जाईल. प्रत्येक प्रतीत चिठ्ठी जाईल. गाडी पाठवतो मी, जिथं जिथं हळदीकुंकू आहे तिथं."

कागदावर लिहिलं होतं की सदर त्रुटी सर्वस्वी लेखिकेच्या लेखनातली असून प्रकाशनाचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

"चिंच-गुळाची ओळ माझी नाही. प्रकरण मी कापलं नाही."

"नाही ना. मला का ठाऊक नाही?" ते टेबलावरची टाचणी उचलत-ठेवत राहिले. "पण पुस्तकावर नाव तुझं आहे, बाळ. आणि हे प्रकाशन बुडालं तर खाली छापखान्यात माणसं आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"सही नाही केली तर?"

"तर वकील म्हणेल तसं. तो म्हणतो, चिठ्ठी लावली म्हणजे आपण चूक कबूल केली. लावूच नका." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडं नजर टाकली. "रथसप्तमी किती जवळ आली, ते तुला सांगायला नको."

विशाखानं अभयला फोन लावला नाही. तो नको म्हणणार, हे तिला माहीत होतं, आणि त्याचं बरोबरच असणार हेही. तिनं एकच अट घातली, चिठ्ठीतला मजकूर मी लिहीन. काकासाहेब कबूल झाले. तिथल्याच टेबलावर बसून तिनं तो लिहिला. रांधणाऱ्यानं आधी एक फोड खावी, दिवे लागेपर्यंत थांबावं, तोंडाला मुंग्या आल्या तर सगळी भाजी टाकून द्यावी. हे कळत नसेल तर हा कंद खाऊच नये. घास या वेळी पहिल्या ओळीत आला. मग तिनं त्यांच्या कागदावर सही केली. अंगावर शाल नव्हती, हात सहज पोचला.

काकासाहेब शब्दाला जागले. चिठ्ठ्या त्याच रात्री छापल्या, सकाळी गाड्या निघाल्या. महिला मंडळं, पतसंस्था, शेंद्र्याची एक कंपनी. सगळीकडं फोन गेले. वाटायच्या राहिलेल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटल्या. वाटून झालेल्या प्रतींचं काय झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही. वाण दिलं की बाई नावं लिहून ठेवत नाही.

सांडू रथसप्तमीच्या आधीच गेला.

पुढं काय होणार ते अभयनं सहीचं कळताच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा काकासाहेबांच्या माणसानं तिच्या सहीचा कागद पुढं केला. तो कॉलेजातही पोचला. पुढच्या सत्रात बॉटनीचे तास दुसऱ्या कुणाला मिळाले. श्रेया तिच्याशी बोलत राहिली, पण वाणाचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. बाबांनी एकदा, कुणी नसताना, तिला म्हटलं की कृतीच्या पानावर नको हे मी म्हणालो होतो, माय. ती म्हणाली, लिहिलं मी होतं.

दिवस-पाणी आटोपल्यावर ती शेंद्र्याला गेली. जाऊ नकोस, तिथं बोललेलं सगळं कबुली धरतील, असं अभयनं बजावलं होतं. आशाबाई ओसरीवर गहू निवडत होती. तिनं विशाखाला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. भांडण नव्हतं, आरडाओरड नव्हती. थोड्या वेळानं आत जाऊन ती चिठ्ठी घेऊन आली. कंपनीतल्या बायांना मिळाली, त्यातली एक तिच्याकडंही आली होती. घड्या घालून घालून कागद मऊ पडला होता.

"यात लिहिलंय, रांधणारीनं आधी खायचं," आशाबाई म्हणाली. "आमच्यात बाई आधी खात नाय. मी खाल्लं असतं तर ते वाचले असते का?"

खरं उत्तर होय असंच होतं. एका घासानं आणि अर्ध्या दिवसानं तो वाचला असता.

"सासरची माणसं म्हणत्यात, तूच खाऊ घातलं," आशाबाई म्हणाली. "मग चूक माझीच ना, ताई?"

या एका प्रश्नासाठी आशाबाईनं ती चिठ्ठी जपून ठेवली होती, हे विशाखाला दिसलं. तिच्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कुणी कापलं, कुणी ती ओळ घातली, ताटावर ठेवलेल्या कागदावर सही कशी झाली. ते सगळं खरं होतं. पण ते ऐकून या बाईच्या हाती काय लागणार होतं? करार, कलम, आवृत्ती. त्यातून तिची सुटका होणार नव्हती. काकासाहेबांनी लिहून घेतलेलं ते खोटं वाक्य मात्र कुणालाही कळेल असं होतं, आणि त्यावर सही होती.

"नाही," विशाखा म्हणाली. "चूक माझी आहे. मी तसं लिहून दिलंय. सासरच्यांना सांगा, माझ्या सहीचा तो कागद पोलिसांकडं आहे."

आशाबाईनं चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मग सुपातले गहू पुन्हा पुढं ओढून म्हणाली, "मग तुम्ही आता जावा."

त्यानंतर काही दिवस फोन येत राहिले. चिठ्ठी वाचून एक फोड खाल्ली, जीभ चुरचुरली, टाकून दिलं, असं जाफराबादकडच्या एका बाईनं सांगितलं. एकीनं विचारलं, आमच्या घरी सासूबाईंनी आधी खाल्लं तर चालेल का. विशाखा प्रत्येकीला तेच सांगायची, न कंटाळता. पुढं हे फोन कमी झाले आणि मग बंदच पडले. पावसाळ्याच्या तोंडी 'झटपट रानभाज्या'ची नवी आवृत्ती दुकानात दिसली. विशाखानं उभ्याउभ्याच पान काढलं. कडूकंद त्यात ठेवला होता, चिठ्ठीचा मजकूर खाली बारीक अक्षरांत घेतला होता. शेवटच्या पानावर तिचा नंबर नव्हता.

फोन थांबले ते बाया आता आधी घास खाऊन बघू लागल्या म्हणून, की विचारायला नंबरच उरला नाही म्हणून, हे समजायला काही मार्ग नव्हता. तिनं पुस्तक परत मांडणीवर ठेवलं. दुकानदार म्हणाला, चांगलं आहे, पुढच्या संक्रांतीसाठी आत्ताच मागणी नोंदवली जातेय.